लहान विमानतळांवरचे अनोळखी पाहुणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वाराणसी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, काशीतील मराठी घराणी असे भारदस्त विषय झाल्यानंतर विमानांचा विषय घेऊन आम्ही उभे आहोत, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटत असेल. आम्ही वैमानिक नाही, अभियंतेही नाही. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत आलेले आणि फायलींवर टिपणे लिहिता लिहिता पन्नाशी ओलांडलेले एक अधिकारी, एवढीच आमची ओळख. मात्र या सेवेत बदली कोणास चुकत नाही. आणि बदलीच्या प्रत्येक गावी पहिल्या मोकळ्या रविवारी तेथील धावपट्टी पाहून यावयाची, हा परिपाठ आम्ही आजवर मोडलेला नाही. कोठे ती महायुद्धाच्या काळात घाईने बांधून सोडून दिलेली, कोठे एखाद्या संस्थानिकाने आपल्या पाहुण्यांसाठी केलेली, कोठे फ्लाइंग क्लबने जीव धरून जतन केलेली. कुंपणाबाहेर उभे राहावयाचे आणि जे दिसेल ते वहीत टिपून ठेवावयाचे. या छंदातून जे उमगले, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

मुंबई-दिल्लीच्या मोठ्या विमानतळांविषयी आम्हांस आज बोलावयाचे नाही. तेथे विमानांची रीघ अहोरात्र चालू असते. त्या गर्दीत एखादे नवखे विमान आले काय आणि गेले काय, कोणाची मान वर होत नाही. लहान विमानतळाची गोष्ट निराळी. तेथे दिवसाकाठी येणारी विमाने बोटांवर मोजण्याइतकी. फाटकासमोरच्या चहावाल्यालाही त्यांचे आवाज पाठ असतात. अशा जागी वेगळ्या बांधणीचे, वेगळ्या देशाची अक्षरे मिरविणारे विमान उतरले, तर ते जाणवावयास हवे. ते खरोखर जाणवते काय, आणि न जाणवल्यास काय होते, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

आपल्या या प्रदेशाला अशा पाहुण्यांचा वारसा फार जुना आहे. प्रयागला तेव्हा विमानतळच नव्हता. १९११ साली तेथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी काही विमाने सुट्या भागांच्या स्वरूपात आणून जोडण्यात आली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने त्यांतील एका द्विपंखी विमानात सुमारे साडेसहा हजार पत्रे घेतली, यमुना ओलांडली आणि तो नैनी येथे उतरला. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, वेळ सुमारे तेरा मिनिटे. विमानाने अधिकृतपणे टपाल नेण्याची जगातील ही पहिली वेळ मानली जाते. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या दृष्टीने ते अनोळखी विमान नव्हते. विमान हीच वस्तू अनोळखी होती. ती पत्रे आणि त्यांवरील खास शिक्का आजही जपलेला आहे, म्हणून ती तारीख आपणांस ठाऊक आहे.

आता अनोळखी विमान लहान धावपट्टीवर येतेच कशासाठी? आमच्या वहीतील आणि वाचनातील नोंदी चाळून पाहता आम्हांस पाच कारणे दिसतात.

पहिले कारण इंधनाचे. जुन्या किंवा लहान विमानाची झेप तोकडी असते. त्याला लांबचा पल्ला गाठावयाचा तर वाटेत अनेक मुक्काम करावे लागतात. जुन्या काळचा यात्रेकरू धर्मशाळा गाठीत गाठीत काशीला येई, तसाच हा प्रकार. एप्रिल २०१८ मध्ये एक डाकोटा विमान इंग्लंडातील कॉव्हेंट्रीहून निघाले आणि युरोप व पश्चिम आशियात टप्पे घेत जामनगरास पोचले. भंगारात निघालेले हे विमान दुरुस्त करून भारतीय हवाई दलास भेट दिले गेले होते. त्याला ‘परशुराम’ हे नाव देण्यात आले आणि अंगावर ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक रंगविण्यात आला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनीच शीख पलटणीचे जवान श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरविले होते. त्या दिवसाची आठवण म्हणून हा क्रमांक. म्हणजे १९४७ साली जे विमान देशात सर्वत्र दिसे, तेच २०१८ साली पाहण्यासाठी माणसे मुद्दाम गोळा झाली.

दुसरे कारण हवामान आणि बिघाड. वादळ किंवा नादुरुस्त यंत्र पाहुण्याला कोणाच्याही दारात आणून सोडते. याचे ताजे उदाहरण तिरुअनंतपुरमचे. ते शहर राजधानीचे असले तरी तेथील विमानतळ परदेशी लढाऊ विमानांच्या सरावातला नव्हे. १४ जून २०२५ रोजी ब्रिटिश नौदलाच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या विमानवाहू जहाजावरचे एफ-३५बी जातीचे लढाऊ विमान खराब हवा आणि कमी पडलेले इंधन यांमुळे तेथे उतरले. मग त्याच्या द्रवदाब यंत्रणेत दोष निघाला आणि जगातील अत्यंत महागड्या, अत्यंत गुप्त मानल्या जाणाऱ्या विमानांपैकी एक विमान केरळच्या मुसळधार पावसात उघड्यावर उभे राहिले. इंग्लंडाहून तंत्रज्ञ आले, दुरुस्ती झाली आणि २२ जुलै रोजी ते उडाले. मधल्या पाच-साडेपाच आठवड्यांत केरळच्या पर्यटन खात्यानेही त्याच्यावर थट्टेची जाहिरात करून घेतली. अगांतुक पाहुण्यालाही चार दिवस ठेवून घ्यावे, ही आपली रीतच आहे.

तिसरे कारण चूक. याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आपल्या मुंबईतील जुहूचा आहे. १९२८ पासूनचे हे छोटे विमानतळ. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. पुढे जवळच सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला. दोहोंतील अंतर अवघे काही किलोमीटरांचे आणि मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. कॉमेट म्हणजे प्रवासी वाहतुकीतील जगातले पहिले जेट. ते सेवेत येऊन जेमतेम वर्ष लोटले होते. ज्या ठिकाणी फ्लाइंग क्लबची पोरे लाकूड-कापडाची विमाने उडवावयास शिकत, तेथे हे चकचकीत यंत्र येऊन उभे राहिले! नऊ दिवसांनी ते हलके करून उडविण्यात आले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअरलाइन्सचे चार एंजिनांचे डीसी-८ विमान पुन्हा त्याच भ्रमाने जुहूला उतरले. धावपट्टी पुरली नाही, विमान पुढे निघून गेले आणि कायमचे निकामी झाले. प्राणहानी मात्र झाली नाही. असे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. २० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील विचिटा येथे बोइंग ७४७ चा प्रचंड मालवाहू अवतार हवाई दलाच्या तळाऐवजी जाबारा नावाच्या लहान विमानतळावर उतरला. आपण नेमके कोठे आहोत, हे वैमानिकांनाच विचारून घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी तो सुखरूप उडाला.

चौथे कारण अखेरचा मुक्काम. माणसे काशीला येतात, तशी काही विमाने लहान विमानतळाला येतात आणि तेथून परत जात नाहीत. नागपूरचे उदाहरण घ्या. १९९१ साली एका खासगी कंपनीचे बोइंग ७२० जातीचे विमान तेथे उतरले आणि सुमारे चोवीस वर्षे धावपट्टीच्या बाजूला पडून राहिले. २०१५ साली ते एकदाचे बाजूला ओढून नेण्यात आले. या जातीची अवघी १५४ विमाने बांधली गेली होती. नागपूरकरांना ही अडगळ वाटे आणि तसे वाटणे स्वाभाविकही होते. परंतु ज्या यंत्राचे नमुने साऱ्या जगात दुर्मिळ झाले होते, ते आपल्या मातीत गंजत होते, हे किती जणांना ठाऊक होते?

कानपूरची कथा याच्या उलट आहे. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने लिबरेटर जातीची अमेरिकन बाँबफेकी विमाने कानपूरला जमा केली आणि अमेरिकेशी झालेल्या करारामुळे ती पुन्हा वापरता येऊ नयेत अशा बेताने त्यांची मोडतोड केली. आपल्या नव्या हवाई दलाजवळ जड बाँबफेकी विमान एकही नव्हते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्या ढिगातून विमाने जोडली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून कानपूरहून बंगळूरला उडवीत नेली. ज्या विमानाचे काय शाबूत आहे आणि काय नाही याची पुरती खात्री नाही, अशा विमानातून हा हजार मैलांच्या जवळपासचा प्रवास! नोव्हेंबर १९४८ मध्ये त्या विमानांचे पहिले पथक उभे राहिले आणि ती १९६८ पर्यंत सेवेत होती. काही काळ पुण्याच्या लोहगावलाही त्यांचा मुक्काम होता. तोवर इतर देशांनी आपली लिबरेटर विमाने वितळवून टाकली होती. म्हणून मग जगभरच्या संग्रहालयांनी भारताकडे हात पसरले. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका येथील संग्रहालयांतून आज जी लिबरेटर विमाने दिसतात, त्यांतील काही कानपूरच्या त्या ढिगातून उठलेली आहेत. एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे.

पाचवे कारण हेतूचे. विमान वाट चुकून किंवा अडचणीत सापडून नव्हे, तर योजनापूर्वक येते. या कारणाची दोन अत्यंत बोधप्रद उदाहरणे दूर शोधण्याची गरज नाही. दोन्ही आपल्याच बाबतपूरच्या विमानतळावर घडली आहेत. आणि ही दोन एकमेकांशेजारी ठेवावीत, एवढ्याचसाठी आम्ही आजचा विषय निवडला.

त्यांतील दुसरे आधी सांगतो, कारण ते आपणांस आठवत असेल. मार्च २०१५ मध्ये ‘सोलर इम्पल्स २’ हे केवळ सूर्यप्रकाशावर चालणारे विमान पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. अबू धाबी, मस्कत, अहमदाबाद असे मुक्काम करीत १८ मार्चच्या रात्री ते बाबतपूरला आले. त्याच्या पंखांचा विस्तार ७२ मीटर, म्हणजे जंबो जेटपेक्षाही अधिक. वजन मात्र सुमारे २,३०० किलो, एखाद्या मोठ्या मोटारगाडीएवढे. वरच्या पृष्ठभागावर १७,२४८ सौर घट, चार लहान विद्युत मोटारी आणि आत एकटा वैमानिक. अहमदाबादेहून ते आंद्रे बोर्शबर्ग यांनी आणले आणि पहाटे बर्ट्रांड पिकार त्याला घेऊन म्यानमारमधील मंडालेकडे निघाले. मुक्काम एका रात्रीचा. रात्र पडल्यावर आले, उजाडण्याच्या सुमारास गेले. तरीही त्याची बित्तंबातमी वर्तमानपत्रांना होती, प्रवासाचे क्षणक्षण जगाला दिसत होते. २६ जुलै २०१६ रोजी त्याने अबू धाबीस पोचून आपली प्रदक्षिणा पुरी केली. याहून अनोखे विमान काशीने पाहिलेले नाही आणि याहून निरुपद्रवीही पाहिलेले नाही.

आता पहिले उदाहरण. १७ डिसेंबर १९९५. कराचीहून एक विमान बाबतपूरला आले. लॅटव्हियाची नोंद असलेले, सोव्हिएत बांधणीचे ॲन्टोनोव्ह-२६. त्याने इंधन भरून घेतले आणि रात्री ते कलकत्त्याच्या दिशेने निघाले. त्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील खेड्यांवर हवाई छत्र्यांना बांधलेल्या पेट्या पडल्या. सकाळी शेतकऱ्यांनी आणि मुलांनी त्या उघडल्या, तेव्हा त्यांत एके-४७ रायफली, रॉकेट फेकणारी साधने आणि काडतुसांचे मोठे साठे निघाले. विमान देशाबाहेर निघून गेले. काही दिवसांनी परतीच्या वाटेवर ते पुन्हा भारतीय आकाशात आले, तेव्हा हवाई दलाने त्याला मुंबईस उतरावयास भाग पाडले. त्यातील लॅटव्हियन कर्मचारी आणि एक ब्रिटिश शस्त्रविक्रेता यांना जन्मठेप झाली आणि पुढे राष्ट्रपतींच्या माफीने २००० व २००४ साली ते सुटले. आणखी एक प्रमुख आरोपी मुंबई विमानतळावरूनच निसटला तो हाती लागलाच नाही. अशा विमानाविषयीची आगाऊ सूचना परदेशातून दिल्लीपर्यंत पोचलेली होती, हेही नंतर उघड झाले.

सूचना कोठे अडली, याचा ऊहापोह संसदेत आणि न्यायालयात पुष्कळ झाला आहे. आम्ही स्वतः सरकारी नोकर. त्यावर भाष्य करणे आमचे काम नव्हे. आम्हांस येथे पाहण्याच्या विद्येविषयी बोलावयाचे आहे. हे विमान त्या दिवशी कोणाच्या डोळ्यांत का भरले नाही? कारण ते दिसावयास अनोळखी नव्हते. आपल्या हवाई दलात त्याचेच भावंड, ॲन्टोनोव्ह-३२, १९८४ पासून होते. दोघांचेही पंख पाठीवर, दोघांनाही दोनच एंजिने, दोघांचेही शेपूट उंच. फरक बारीक आहे. आपल्या विमानाची एंजिने पंखांच्या वर उचलून बसविलेली असतात. त्या पाहुण्याची पंखांच्या पातळीला होती. शिवाय शेपटीवर आपल्या हवाई दलाच्या खुणेऐवजी परकी अक्षरे होती. प्रत्येक मुलकी विमानाच्या अंगावर देशाची अक्षरे लिहिलेली असतात: भारताची ‘व्हीटी’, ब्रिटनचे ‘जी’, लॅटव्हियाची ‘वायएल’. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या विमानाच्या पाठीमागे होती. ॲन्टोनोव्ह-२६ चे मागचे रुंद दार उडत असताना उघडता येते आणि विमानाच्या पोटाखाली सरकविता येते. ते हवेतून माल टाकण्यासाठीच केलेले असते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याच्या मनात एक साधा प्रश्न आला असता: हवेतून माल टाकणारे परदेशी विमान या तीर्थक्षेत्री कशासाठी आले आहे?

भगिनी-बंधूंनो, ही दोन विमाने शेजारी ठेवून पाहा. ज्याचे रूप विलक्षण होते, ते सर्वांनी पाहिले आणि त्याच्यापासून भय नव्हते. ज्याचे रूप साधे होते, त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नाही आणि भय त्याच्या पोटात होते. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, अनोळखी काय ते ओळखण्यासाठी आधी ओळखीचे नीट पाहिलेले असावे लागते. जो रोजचे विमान लक्षपूर्वक पाहतो, त्यालाच एके दिवशी आलेला बारीक फरक खुपतो. वाड्यातल्या आजीला जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखू येई, ते रोज ऐकून ऐकूनच.

ओळखीचे टिपून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. आजचे ओळखीचे उद्या अनोळखी होणार असते. १९४९ पासून नागपूरला रात्रीच्या टपालाचा मेळा भरत असे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास येथून चार विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत, आपापल्या थैल्या बदलीत आणि पहाटेपर्यंत माघारी जात. वर्षानुवर्षे हा क्रम चालला आणि १९७० च्या दशकात थांबला. त्या काळच्या नागपूरकराला त्यात नवल नव्हते, म्हणून ते पाहून लिहून ठेवणारे थोडेच. आम्ही शाळकरी होतो तेव्हा कानपूरला बांधलेली ॲव्हरो विमाने आणि फ्लाइंग क्लबची ‘पुष्पक’ विमाने आम्हांस सामान्य वाटत. १९८१ साली निघालेल्या ‘वायुदूत’ची डॉर्नियर विमाने आडगावांना जात, तीही काही दिवसांतच सवयीची झाली. ‘वायुदूत’ १९९० च्या दशकात बंद झाली. आज यांतील एखादे विमान दिसले, तर आम्ही रस्त्यात थांबतो.

अशा नोंदींचा उपयोग काय, असे आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने आम्हांस विचारले होते. त्याला आम्ही युरोपातील गोष्ट सांगितली. २००१ नंतरच्या काळात अमेरिकेची गुप्तचर यंत्रणा संशयितांना कोणत्याही न्यायालयापुढे उभे न करता विमानांनी एका देशातून दुसऱ्या देशात नेत होती. विमाने साधी, खासगी दिसणारी. पण युरोपात हौशी विमाननिरीक्षकांची जुनी परंपरा आहे. कोणते विमान, कोणती अक्षरे, कोणती तारीख, हे ते निव्वळ आवडीने लिहून ठेवतात. जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावरील विमानतळावर अशाच एकाने एका पांढऱ्या बोइंग ७३७ चे छायाचित्र घेतले होते. पत्रकारांनी अशी छायाचित्रे, वह्या आणि उड्डाणांची अधिकृत कागदपत्रे जुळविली, तेव्हा एक सबंध जाळे उघडे पडले. जून २००६ मध्ये डिक मार्टी यांचा अहवाल युरोप परिषदेपुढे आला. आणि जानेवारी २००४ मध्ये नेलेल्या एका निरपराध जर्मन नागरिकाच्या बाजूने युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १३ डिसेंबर २०१२ रोजी निकाल दिला. ज्यांनी नोंदी केल्या, त्यांना हे काही माहीत नव्हते. त्यांनी फक्त खरे तेवढे लिहून ठेवले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर उद्या एखादा उत्साही तरुण दुर्बीण घेऊन निघेल आणि त्याचे वडील आमच्याकडे येतील. हा छंद धोक्याचाही आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे बारा ब्रिटिश आणि दोन डच निरीक्षकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडण्यात आले. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षा झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये वरच्या न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. २०१० साली दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात विमानांचे संदेश ऐकण्याची साधने बाळगल्यामुळे दोन ब्रिटिश हौशी निरीक्षकांना अटक झाली होती. आपल्या देशात १९३७ च्या विमान नियमांनी सरकारी विमानतळावर परवानगीवाचून छायाचित्र घेण्यावर निर्बंध घातला. अनेक लहान विमानतळ हवाई दलाच्याही वापरात असतात. सरकार आणि नागरिक या दोघांनाही येथे आपापली बाजू आहे. पहारेकऱ्याला प्रत्येक पाहणारा माणूस संशयित वाटतो, आणि पाहणाऱ्याला प्रत्येक कुंपण अन्याय्य वाटते. आमचे मत विचाराल तर कुंपण असावे आणि कुंपणाबाहेरची नजरही असावी. १९९५ साली पुरुलियात पेट्या पडल्यावर पहिली वर्दी देणारे लोक गावकरीच होते. ब्रिटनने १९२५ साली सामान्य नागरिकांतूनच आकाशावर लक्ष ठेवणारे निरीक्षक दल उभारले आणि महायुद्धात शत्रूच्या विमानांची वर्दी त्या दुकानदारांनी, शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी दिली. त्यांना विमानांच्या काळ्या छायाकृती दाखवून ओळख पाठ करून घेण्यात येई. पाहणारा नागरिक हा राज्याचा शत्रू नाही. त्याला शिकविले तर तो राज्याचा डोळा होतो.

काही तरुण मंडळी म्हणतील की, आता हातातल्या मोबाइलवर आकाशातील विमाने नाव-गावासह दिसतात. वहीची गरज काय? ही सोय मोठीच आहे आणि आम्हीही ती वापरतो. परंतु ती विमानाने स्वतः पाठविलेल्या संदेशावर चालते. ज्याला लपावयाचे असेल तो संदेश बंद ठेवू शकतो. जो आपले खरे नाव सांगतो, त्याचेच नाव ती सांगते. पुरुलियाचे विमान तर दिवसाढवळ्या, आपल्या खऱ्या अक्षरांनिशी उतरले होते. उणीव माहितीची नव्हती. ती पाहून शंका घेणाऱ्या माणसाची होती.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे आमची एक लहानशी सूचना आहे. आपल्या मंडळातील शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी एक वही ठेवावी. कॅमेरा नको, दुर्बीण नको. घराच्या गच्चीवरून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसेल त्याची पाच गोष्टींत नोंद करावी: तारीख आणि वेळ, दिशा, एंजिने किती व कोठे, पंख पाठीवर की पोटाशी, आणि वाचता आली तर अक्षरे. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहावा, खात्री असेल तर खात्री म्हणून. सरकारी टिपणाचाही पहिला नियम हाच आहे आणि तीन दशकांच्या नोकरीत आम्ही जे थोडे शिकलो, त्यात याहून मोलाचे काही नाही. एखादी गोष्ट खरोखर खटकली तर ती वर्गमित्रांत न पसरविता वडीलधाऱ्यांना आणि त्यांच्यामार्फत पोलिसांना सांगावी.

अशा वहीची पहिली पन्नास पाने कंटाळवाणी असतील. रोज तीच विमाने, त्याच वेळा. मुलांना तेव्हा सांगावे की, हीच पाने महत्त्वाची. एकावन्नाव्या पानावर काही वेगळे आले, तर ते वेगळे आहे हे या पन्नास पानांमुळेच कळणार आहे. आणि काहीच वेगळे आले नाही, तरी आपल्या गावाच्या आकाशाचा एक खरा इतिहास त्यांच्या हाती राहील. मंडळाच्या कार्यकारिणीने पन्नास वर्षे इतिवृत्ते लिहून ठेवली, म्हणून ही स्मरणिका निघू शकली, हे आपण सर्व जाणतोच.

 वहीसंबंधी ज्यांना अधिक विचारावयाचे असेल, त्यांनी सभेनंतर अवश्य भेटावे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.